चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या

एका नव्या क्लायंटने पहिल्याच फोनवर विचारलं, "मॅडम, तुमची साइट उघडलीय, पण तिथे नुसतं 'काम चालू आहे' एवढंच दिसतंय. माझंच नेट गंडलंय का?"

नेट ठीक होतं. माझ्या साइटवर तीन वर्षं तेवढंच एक वाक्य होतं. आठ वर्षं मी फ्रीलान्स वेब डिझाइन करते, लोकांच्या साइट वेळेत व्हाव्यात म्हणून त्यांच्या मागे लागते, 'मजकूर कधी देताय' म्हणून दर आठवड्याला आठवण करते. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार. कारण साधं आहे. स्वतःच्या साइटचं इनव्हॉइस कुणाला पाठवायचं? ज्या कामाचे पैसे येत नाहीत ते दिवसाच्या शेवटी उरलेल्या अर्ध्या तासात ढकललं जातं, आणि त्या अर्ध्या तासात डोकं चालत नाही.

फोन ठेवल्यावर मी स्वतःलाच क्लायंट मानायचं ठरवलं. सहा आठवड्यांची मुदत घातली, दर शुक्रवारची सकाळ राखून ठेवली आणि क्लायंटला देते तीच प्रश्नावली स्वतःपुढे ठेवली. पहिला प्रश्न : ही साइट कुणासाठी आहे? मी उत्तर लिहिलं, 'सर्वांसाठी'. हे उत्तर कुणा क्लायंटने दिलं असतं तर मी त्याला प्रश्नावली परत पाठवली असती.

पहिला आठवडा मी सगळे करतात तेच केलं. बक्षीसपात्र साइटच्या गॅलऱ्या धुंडाळल्या, आवडलं ते साठवत गेले. दोनशेच्या वर स्क्रीनशॉट जमले. ते सगळे एका मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा कुठला कुणाचा हे मलाच ओळखता येईना. डावीकडे प्रचंड अक्षरांत एक वाक्य, खाली गोल कोपऱ्यांची तीन कार्डं, मागे जांभळट धुकं. तरी मी त्यातलंच थोडं थोडं उचललं आणि एक होमपेज केलं. स्क्रोल केलं की माझ्या नावाची अक्षरं विखुरतात आणि पुन्हा गोळा होतात. माझ्या लॅपटॉपवर ते इतकं देखणं दिसत होतं की मी ते दहा वेळा वरखाली करून पाहिलं.

मग ड्रॉवरमधला जुना फोन काढला. चाचणीसाठी मी एक मुद्दाम जपून ठेवलाय. रॅम कमी, काचेला तडा. त्यावर आधी नुसतं पांढरं पान, बराच वेळ. मग अक्षरं विखुरली आणि तशीच राहिली. पानावरचा मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला तर ते पान चांगलं, असं गूगलचं माप आहे. माझं पान सातच्या घरात होतं. मागचा व्हिडिओ, तीन फॉन्ट आणि प्रत्येकाची सगळी वजनं, म्हणजे जाड-बारीक रूपं, एवढं ओझं मीच त्यावर चढवलं होतं. सगळं पुसून टाकलं. तो आठवडा वाया गेला असं मी म्हणणार नव्हते, पण वायाच गेला.

*

माझ्या फोनमध्ये 'चिठ्ठ्या' नावाचा एक फोल्डर आहे. पोर्टफोलिओशी, म्हणजे माझी कामं दाखवणाऱ्या या साइटशी, त्याचा काही संबंध असेल असं तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं. एका ऑफिसात वाट पाहत बसले असताना झेरॉक्स मशीनवर चिकटपट्टीने लावलेला कागद दिसला : 'हिरवं बटण दोनदा दाबा. एकदा दाबून काही होत नाही.' मला हसू आलं, फोटो काढला. तेव्हापासून अशी चिठ्ठी दिसली की फोन बाहेर निघतोच. काचेच्या दारावर, पकडायला छान मूठ असलेल्या बाजूला, मार्करने 'ढकला'. लिफ्टमध्ये तळमजल्याच्या बटणाकडे पेनाने काढलेला बाण. एका रिमोटवर चार बटणं सोडून बाकी सगळ्यांवर काळी चिकटपट्टी. आणि माझी सगळ्यांत लाडकी, एका स्विचबोर्डावरची : एका बटणावर 'पंखा' आणि शेजारच्या बटणावर 'पंखा नाही'.

त्या 'पंखा नाही'मध्ये केवढी हकिगत आहे बघा. नुसतं 'पंखा' लिहून भागलं नव्हतं. तरीही कुणीतरी शेजारचं बटण दाबत राहिलं, आणि शेवटी वैतागून कुणीतरी पेन उचललं.

वापरणाऱ्यांनी बनवणाऱ्याला न विचारता काढलेली वाट दाखवायची म्हणून डिझायनर लोक हिरवळीतून गेलेल्या पायवाटेचं उदाहरण देतात. मी ते देणार नाही, ते उदाहरण स्वतःच आता मळलेली वाट झालंय. शिवाय पायवाट मुकी असते. चिठ्ठी बोलते. नक्की कुठे अडलं, आणि त्यावर काय उपाय केला, दोन्ही एकाच कागदावर.

फोल्डर चाळताना लक्षात आलं की माझ्या बऱ्याच बऱ्या कामांची मुळं इथेच आहेत. झेरॉक्सच्या चिठ्ठीनंतर मी एका कार्यशाळेच्या नावनोंदणीचं पान केलं होतं. आधीच्या पानावर लोकांची नावं दोन-दोनदा पडायची. 'पाठवा' दाबल्यावर पडद्यावर काहीच हलायचं नाही, मग माणूस पुन्हा दाबणारच. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेली तीन मापं अजून उपयोगी पडतात : ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो लगेच आल्यासारखा वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांनंतर लक्षच उडतं. सर्व्हरचा वेग माझ्या हातात नव्हता. बटणाचं वागणं होतं. दाबताक्षणी त्यावरची अक्षरं 'पाठवतोय…' अशी बदलली आणि दुसऱ्यांदा दाबलं तर काहीच होऊ नये असं केलं. दुहेरी नावं थांबली.

'पंखा नाही'चा उपयोग असाच झाला. एका अर्जाच्या पानावर 'जतन करा' आणि 'पाठवा' ही दोन बटणं शेजारी शेजारी होती. अर्ज अपुरा जाईल या भीतीने लोक 'जतन करा'लाही हात लावत नव्हते. त्या बटणाखाली मी बारीक अक्षरांत एक ओळ घातली : 'यातलं अजून कुणालाही जाणार नाही.' बस, एवढंच.

मग ठरलं. पोर्टफोलिओत चकचकीत स्क्रीनशॉट नाहीत. प्रत्येक कामाच्या पानावर वर एक चिठ्ठी, खाली काय अडत होतं, मी काय बदललं आणि अजून काय जमलेलं नाही.

एक मैत्रीण, तीही याच धंद्यातली, ऐकून म्हणाली, "अगं, स्वतःच्या चुका कोण दुकानात मांडून ठेवतं?" तिचं म्हणणं रात्रभर डोक्यात राहिलं. सकाळी उठून मी दोन प्रकल्प यादीतून काढले. चिठ्ठ्यांची कल्पना मात्र ठेवली.

*

दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या जमवताना एक प्रश्न मी सोयीस्कर विसरले होते : माझ्या कामावर कुणी चिठ्ठी लावलीय का?

अकरा जुन्या क्लायंटना निरोप पाठवला. 'मी केलेली साइट वापरताना तुम्ही कुठे काही लिहून ठेवलंय का? वहीत, भिंतीवर, मॉनिटरच्या कडेला? असेल तर फोटो पाठवाल का?' सहा जणांनी उत्तर दिलं. पाच जणांनी 'सगळं छान चाललंय' असं लिहिलं, ते मी निम्मंच खरं धरलं. सहावं उत्तर एका लहान प्रकाशन संस्थेतून आलं, सोबत फोटो.

फोटोत ए-फोर आकाराचा कागद होता. शीर्षक : 'नवीन पुस्तक साइटवर कसे चढवावे.' खाली नऊ पायऱ्या. चौथी लाल शाईत : 'फोटो आधी लहान करून घेणे, नाहीतर सगळे जाते.' 'सगळे'खाली दोन रेघा.

आणि कागद लॅमिनेट केलेला होता.

साधी चिठ्ठी म्हणजे तक्रार असते. लॅमिनेट केलेला कागद म्हणजे माणसाने आशा सोडलेली असते. मी फोन केला. तिथलं काम बघणाऱ्या बाई अगदी खुशीत म्हणाल्या, "हो मॅडम, तो कागद फार उपयोगाचा आहे आम्हाला. नवीन मुलगा आला की आधी तोच देतो हातात."

"पण 'सगळे जाते' म्हणजे नक्की काय होतं?"

"फॉर्म कोरा होतो ना. नाव, लेखक, माहिती, सगळं पुन्हा भरायचं. आम्हाला वाटलं तसंच असतं."

'आम्हाला वाटलं तसंच असतं.' हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

कारण शोधायला एक दुपार गेली. त्यांचं ॲडमिन, म्हणजे पुस्तकं चढवायची आतली पानं, मी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत स्वतः लिहिलं होतं. पीएचपीच्या मूळच्या सेटिंगमध्ये एका फाइलला २ एमबीची आणि एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीला मिळून ८ एमबीची मर्यादा असते. मी ती बदललीच नव्हती. एखादी फाइल मोठी असेल तर तेवढी फाइल नाकारली जाते, तेवढ्याने फॉर्म कोरा होत नाही. पण मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आतलं एक पान असे फोनवर काढलेले तीन फोटो एकदम घातले की एकूण बेरीज आठच्या पलीकडे जाते, आणि मग पीएचपी फोटोंबरोबर भरलेले शब्दही टाकून देतं. चूक झाल्याचा निरोप दाखवणं माझं काम होतं. मी दाखवला नव्हता, कारण चाचणी करताना मी नेहमी माझ्याच फोल्डरमधले, आधीच नीट लहान केलेले फोटो वापरले होते.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. फोटो निवडल्याबरोबर तो ब्राउझरमध्येच लहान करायचा आणि मग पाठवायचा. भरलेला मजकूर दर काही सेकंदांनी ब्राउझरमध्येच साठवत राहायचं, म्हणजे वीज गेली तरी तो परत येतो. दोन दिवस लागले, इनव्हॉइस केलं नाही. नऊ पायऱ्यांच्या तीन झाल्या. त्यातली एक 'साइटवर लॉग इन करा' हीच आहे, म्हणजे खरं तर दोनच.

तो लॅमिनेट केलेला कागद आता माझ्या पोर्टफोलिओत पहिला आहे. बाईंची परवानगी घेतली. त्यांना त्यात काय विशेष आहे ते कळेना, पण हो म्हणाल्या. बाकीच्या फोटोंतही कुणाचं नाव किंवा नंबर दिसत नाही ना, ते एकेक मोठं करून तपासलं. एका चिठ्ठीवर चक्क कुणाचा तरी मोबाइल नंबर होता, तो कापून टाकला.

*

मधलं बरंचसं काम नेहमीचं. ग्रिड, फोल्डर, होस्टिंग, जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर वळवणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अक्षरांबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण साइट मराठीत करायची हे ठरवल्यावर माझ्या हाताच्या अर्ध्या सवयी निकामी झाल्या.

मथळा उठून दिसावा म्हणून रोमन लिपीत सरळ मोठी अक्षरं वापरता येतात. देवनागरीत मोठी-छोटी भानगडच नाही. अक्षरांमध्ये अंतर वाढवून मथळा ऐटदार करायची दुसरी युक्ती. ती इथे केली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरपा टाइप ही आपली परंपरा नाही, ब्राउझर अक्षरं नुसती कलती करतो आणि ती आता पडतील असं वाटतं. उरतं काय? आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. यातली मोकळी जागा मी सगळ्यांत कमी वापरत होते.

याचं उत्तर मला एका पाटीवर सापडलं. एक पेंटर काका शिडीवर उभे राहून पाटी रंगवत होते. आधी दोरीने खडूची रेष मारली. अक्षरं काढायच्या आधी.

मी खालून विचारलं, "काका, रेष आधी का?"

"रेष आधी असली की अक्षरं तिला लटकतात. नंतर मारली तर नाचतात," ते म्हणाले, आणि रेषेच्या वर बोटभर जागा दाखवून, "ही वेलांटीची. ही खायची नाही."

तोवर मी देवनागरी ओळी रोमनसारख्या तळरेषेवर 'उभ्या' करत होते. रोमन अक्षर तळावर उभं असतं, आपलं वरून टांगलेलं असतं. घरी येऊन मजकूर पुन्हा लावला. मराठी शब्द आणि शेजारचं चिन्ह किंवा आकडा यांची जुळणी तळाऐवजी शिरोरेषेकडे बघून केली. ओळीची उंची आकाराच्या दीडपट होती, ती १.७५ केली, कारण वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार, शिवाय 'राष्ट्र', 'उद्धृत' यांसारखे शब्द खाली चांगलीच जागा मागतात. दुव्याखालची रेघ 'कुठून'चे उकार कापत जायची, ती थोडी खाली सरकवली. एवढ्याने पान शांत झालं.

फॉन्ट 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घेतला. मोफत आणि खुला आहे, त्यात देवनागरी आणि रोमन एकमेकांशी भांडत नाहीत. फक्त दोन वजनं घेतली. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, आणि तडा गेलेला तो फोन मी विसरले नव्हते. फॉन्ट उतरेपर्यंत ज्याच्या त्याच्या यंत्रातला फॉन्ट दिसतो, जुन्या विंडोजवर तो बहुधा 'मंगल' असतो. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी केलेली ही अक्षरं पडद्यावर मराठी वाचणाऱ्या एका पिढीच्या डोळ्यांत बसलेली आहेत. माझं पान मंगलमध्येही न मोडता दिसतं का, तेही पाहून घेतलं.

रंगांत मी पुन्हा एकदा मोहात पडले. जुन्या कागदाचा पिवळट पार्श्वरंग आणि त्यावर फिक्या शाईसारखा तपकिरी मजकूर. चिठ्ठ्यांच्या साइटला शोभणारा! कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वरंग यांच्या उजेडातल्या फरकाचं प्रमाण, मोजला तर ३.१ आला. सर्वसाधारण आकाराच्या मजकुराला किमान ४.५ हवा, असा वेबच्या सुगम्यतेचा निकष आहे. लॅपटॉप उचलून उन्हात नेला. निकषाची गरजच पडली नाही, काहीच वाचता येत नव्हतं. शाई गडद केली. 'अडलेलं' लाल आणि 'सुटलेलं' हिरवं अशा खुणा होत्या, त्यांच्या शेजारी ते शब्दही लिहिले. साधारण दर १२ पुरुषांत एकाला रंग ओळखण्यात अडचण असते, आणि त्यात बहुतेकदा हेच दोन रंग एकमेकांत मिसळतात.

ज्यांना चिठ्ठीचा फोटो दिसणारच नाही, त्यांच्यासाठी फोटोचं वर्णन लिहायला मला सगळ्यांत मजा आली. 'स्विचबोर्डचे छायाचित्र' असं लिहून भागलं असतं. पण चिठ्ठीचा जीव तिच्या शब्दांत आणि जागेत असतो. म्हणून : 'पिवळट पडलेला स्विचबोर्ड. डावीकडच्या बटणावर निळ्या पेनाने पंखा, उजवीकडच्यावर त्याच अक्षरात पंखा नाही. दुसऱ्या चिठ्ठीची चिकटपट्टी जास्त नवी.' ती चिकटपट्टी नवी आहे हे मला वर्णन लिहितानाच पहिल्यांदा दिसलं.

*

सहा आठवड्यांचे अकरा झाले. प्रकाशित करायच्या आदल्या दिवशी आईला दुवा पाठवला आणि फोनवर म्हटलं, "समज, तुला माझ्याकडून काम करून घ्यायचंय. आता काय करशील?"

आईने सगळं वाचलं, अगदी सावकाश, मधे मधे मोठ्याने. पेंटर काकांचा किस्सा तिला आवडला. मग म्हणाली, "तू काय करतेस ते आज नीट कळलं मला. पण तुला गाठायचं कुठून?"

"वरती उजवीकडे बघ ना. 'बोलूया' लिहिलंय."

"ते होय? मला वाटलं ते नुसतंच लिहिलंय."

'बोलूया' हा शब्द मी दोन दिवस विचार करून निवडला होता. काढला. 'संपर्क' लिहिलं.

साइट चालू झाली. दोन-तीन जणांनी कौतुक केलं, मैत्रिणीने 'बरी दिसतेय' एवढं लिहिलं. तिच्याकडून ते भरपूर आहे. मग तीन आठवडे शांतता. संपर्काच्या फॉर्ममधून एकही चौकशी नाही. मला वाटायला लागलं की तिचंच खरं होतं, चुका बघून लोक पळताहेत.

अखेर कुणाचं तरी वेगळंच मेल शोधताना स्पॅम उघडलं. तिथे चार चौकश्या पडलेल्या. सगळ्यांत जुनी सतरा दिवसांपूर्वीची. त्या माणसाने शेवटी लिहिलं होतं, 'घाई आहे, कृपया लवकर कळवा.'

दोष माझाच. फॉर्म मला मेल पाठवताना 'प्रेषक' म्हणून भरणाऱ्याचाच पत्ता घालत होता. म्हणजे माझा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकत होता, आणि मेल सेवा अशा पत्राकडे संशयाने बघतात, ते योग्यच आहे. प्रेषक म्हणून माझ्याच डोमेनचा पत्ता घातला, भरणाऱ्याचा पत्ता 'उत्तर इथे' या जागी नेला, पत्र खरंच माझ्याच डोमेनवरून आलंय याची खात्री देणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी तपासून दुरुस्त केल्या. तीन वेगवेगळ्या सेवांवर चाचणीची पत्रं पाठवली. सगळी इनबॉक्समध्ये आली. चौघांनाही माफी मागणारं उत्तर लिहिलं. दोघांचं काम तोवर दुसरीकडे गेलं होतं, एकाने उत्तर दिलं नाही, आणि घाई असलेल्याची घाई सुदैवाने अजून संपलेली नव्हती.

त्याच दिवशी रागारागात एका कागदाच्या तुकड्यावर 'सोमवारी स्पॅम बघणे' असं लिहून मी तो मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावला. आता सगळं नीट चाललंय, पत्रं वेळेवर येतात, हे मी स्वतः पुन्हा पुन्हा तपासलंय. चिठ्ठी अजून तिथेच आहे.